स्कॅन अडकायचं तिथे दिगूदादा बोलायचा

भुतांच्या गोष्टी वाचायला मला आवडतात, पण त्या खऱ्या असतात असं कधीच वाटलं नाही. माझा धंदाच तसा आहे. शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी आणि माझा नवरा प्रशांत, दोघं मिळून चालवतो. ‘मॅडम, मशीन आपोआप चालू होतंय’, ‘कुणी हात लावला नाही तरी प्रिंटरमधून कागद येतात’ असं सांगत माणसं येतात. मी केबल बदलते, नाहीतर एखादं सेटिंग बंद करते, आणि माणूस हसत परत जातो. कारण सापडतं. वेळ लागतो, पण सापडतं...

खाली लिहिलंय त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. माणसांची नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

दिगूदादा माझा मामेभाऊ, मुरगूडचा. लग्नांच्या सीझनमध्ये कोल्हापुरातल्या एका स्टुडिओसाठी शूटिंग करायचा, पण त्याचा जीव कुस्तीत. जत्रेची मैदानं, गावोगावचे आखाडे, राधानगरीकडच्या एखाद्या वाडीत चार कुस्त्या असल्या तरी हा स्वतःचा कॅमेरा गळ्यात अडकवून हजर. मैदानात माइकवर बोलणारा माणूस वेगळा असतो. दादा कॅमेऱ्यामागे उभा राहून आपला स्वतःशीच बोलत राहायचा — कुणी कुठला डाव टाकला, कुणाचा वस्ताद कोण, कोण दमलाय. ते सगळं रेकॉर्ड व्हायचं. गावातली म्हातारी माणसं कुस्तीपेक्षा त्याचं बोलणं ऐकायला ते व्हिडिओ मागून न्यायची.

स्वभावाने गरीब. आयुष्यात कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. गर्दीत कुणाला धक्का लागला तर शूटिंग थांबवून माफी मागायचा, आणि ती माफीसुद्धा रेकॉर्ड व्हायची.

एका लग्नात काम करता करता तो खाली पडला. मेंदूत रक्तस्राव. कोल्हापुरात दवाखान्यात आणला तेव्हापासून व्हेंटिलेटरवरच होता. डोळे उघडले नाहीत, गेला. त्या दिवसांत सुरेखावहिनी — त्याची बायको — दवाखान्यातून हलली नाही. मुरगूडला घरी फक्त मामी होती, दादाची आई. तिला मोतीबिंदूमुळे माणूस नीट ओळखू यायचा नाही. मधेच एका संध्याकाळी तिने शेजाऱ्यांच्या फोनवरून मला फोन केला आणि म्हणाली, “दिगू शुद्धीवर आला की गं. मला कुनी कसं सांगिटलं न्हाय?” मी तेव्हा दवाखान्यात आयसीयूच्या काचेच्या बाहेर उभी होते, दादा समोर पडलेला दिसत होता. आम्ही समजलो, म्हातारीच्या मनाने घेतलंय. तिने तर गल्लीत साखर वाटली होती.

दादा गेल्यावर घरी आवराआवर करताना लक्षात आलं की त्याची एक्स्टर्नल हार्ड डिस्क कपाटात नाही. सगळी मैदानं त्यावर होती. मामी म्हणाली, स्टुडिओचा कोणीतरी आलता, पण कोण ते सांगता येईना. वहिनीने स्टुडिओच्या मालकाला, विलासला, फोन केला. तो म्हणाला, “मी मुरगूडला आलोच न्हाय वहिनी. पायजे तर कुनाला बी इचारा.”

काही महिन्यांनी विलासने चॅनल सुरू केलं. दादाची मैदानं एकेक करून त्यावर यायला लागली. कोपऱ्यात स्टुडिओचं नाव आणि विलासचा फेट्यातला फोटो. दादाचा आवाज पुसून त्या जागी ढोलताशाचं म्युझिक भरलेलं. वहिनी एसटीने कोल्हापूरला आली आणि थेट स्टुडिओत गेली. त्याने तिला दारातच उभं केलं. गिऱ्हाइकं बसलेली होती, त्यांच्यासमोर म्हणाला, “तुमचा नवरा माझ्याकडं पगारी मानूस होता. त्यानं काढलेलं सगळं स्टुडिओचं. रडायचं असंल तर घरी जाऊन रडा.”

तिथून ती आमच्याकडे आली. रडली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, “रोहिणी, त्या मानसाचं वाटोळं झालेलं मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. दुसरं काय मागनं न्हाय.”

मलाही तेच पाहिजे होतं.

त्यानंतर वर्षभराने असेल, विलास आमच्या दुकानात आला. तो मला ओळखत नव्हता, मी त्याला चॅनलवरच्या फोटोवरून ओळखलं. त्याने पिशवीतून काळी हार्ड डिस्क काढून काउंटरवर ठेवली. डिस्कच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. घरात दोन सारख्या डिस्क होत्या म्हणून ओळखीसाठी वहिनीने तो लावला होता.

“मॅडम, अँटिव्हायरस लावला की हँग होतंय बगा,” विलास म्हणाला. “पुन्याची एक कंपनी कुस्तीवर फिल्म करतीया, त्यांना हे ओरिजनल पायजे. पन स्कॅनचा रिपोर्ट क्लीन असल्याबिगर त्यांच्या मशीनला लावत न्हाईत. मी दोन ठिकानी दाखवलं. जमलं न्हाय.”

“ठेवून जा,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

तो गेल्यावर मनात पहिलं काय आलं ते लिहिते. याची कॉपी वहिनीसाठी काढायची, आणि त्याला डिस्क परत देताना ती जन्मात चालता कामा नये. प्रशांतला सांगितलं तर तो म्हणाला, “कॉपी काढ, माझी हरकत नाही. पण गिऱ्हाइकाची डिस्क मारायची नाही.” आमचं त्यावरून चांगलंच वाजलं.

आधी कॉपी काढली. सगळं विनातक्रार उतरलं, एकही फाइल अडली नाही. मग स्कॅन लावलं. अर्ध्याच्या पुढे गेलं आणि थांबलं. टक्के हलेनात, माउस हलेना, कीबोर्ड मेलेला.

यात भुताटकी काही नसते. मोठ्या डिस्कवर स्कॅन अडकायची कारणं ठरलेली आहेत. केबल खराब असते, यूएसबी हबवरून वीज पुरत नाही, डिस्कवर बॅड सेक्टर म्हणजे खराब झालेले भाग असतात, नाहीतर दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात. मी केबल बदलली. हब काढून मागच्या पोर्टला थेट जोडली. पोर्ट मधेच झोपी जाऊ नये म्हणून पॉवरचं सेटिंग बंद केलं. डिस्क तपासली, ठणठणीत. आमच्या मशीनवर दुसरा अँटिव्हायरस होता तो काढून टाकला, सेफ मोडमध्ये लावून बघितलं. दर वेळी तिथेच अडकायचं. शेवटी एकेक फोल्डर वेगळं स्कॅन करत गेले तेव्हा एक फाइल सापडली. मुरगूडच्या मैदानाचा एक साधा व्हिडिओ. उघडून बघितला तर नीट चालत होता. दोन पोरं मातीत भिडलेली आणि दादाचं बोलणं.

त्या एकट्या फाइलला स्कॅन लावलं. मशीन अडकलं... आणि स्पीकरमधून हलगी वाजायला लागली.

प्रशांत पलीकडे लॅपटॉप उघडून बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, “व्हिडिओ चालू ठेवलास का?”

नव्हता ठेवला. मशीन हँग झालं की कधी कधी आवाजाचा एखादा तुकडा अडकून तोच तोच वाजत राहतो, ते आम्हाला माहीत आहे. पण हा तुकडा नव्हता. हलगी पुढे पुढे जात होती, गर्दीचा गलका वाढत होता, कोणीतरी दुरून शिट्टी मारली. मग अगदी माइकजवळ कोणीतरी घसा खाकरला. दादा बोलायच्या आधी नेहमी तसाच घसा खाकरायचा. प्रशांतने मेन स्विच बंद केला.

मग आम्ही काढलेली कॉपी दुसऱ्या लॅपटॉपवर लावली. वहिनीला द्यायची म्हणून वेगळ्या डिस्कवर ठेवलेली तीच फाइल, तोच अँटिव्हायरस. स्कॅन सुरळीत पार पडलं. कोणताही धोका नाही. विलासची डिस्क जोडली की अडकायचं. प्रशांतने त्या दिवशी त्यावर बराच वेळ डोकं चालवलं आणि शेवटी म्हणाला, “देऊन टाक त्याला. जमत नाही म्हणून सांग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला विलास आला. जमलं नाही म्हटल्यावर चिडला. “नुसतं स्कॅन करायचं, त्यात एवढं काय हाय मॅडम? बोर्ड काढून टाका मग बाहेरचा.”

“बसा,” मी म्हणाले. “तुमच्यासमोरच लावते.”

मी हे मुद्दाम केलं. काय होईल हे माहीत नव्हतं, पण त्याने निदान ती हलगी ऐकावी असं वाटलं. स्कॅन सुरू झालं, त्या फाइलवर येऊन थांबलं. हलगी आली, गलका आला, घसा खाकरला. आणि दादा बोलायला लागला. नेहमीचा त्याचा मैदानातला आवाज, घाई नसलेला.

“हं... चालू. राम राम मंडळी. दुपारची येळ हाय, ऊन कडक हाय. विलास पैलवान मुरगुडात दाखल झालेले हायत. गाडी लांब लावलीया, देवळाच्या मागं. तिथनं चालत आल्यात. आई दारात बसलीया. आईला नीट दिसत न्हाय, पैलवानाला ते ठावं हाय...”

विलासच्या हातात मोबाइल होता. तो त्याने काउंटरवर ठेवला.

“सलामी झाली. पैलवानानं पहिला डाव टाकला — म्हनला, दिगूनं डिस्क मागिटलीया. आई म्हनली, शुद्धीवर आला व्हय रं? पैलवान म्हनला, व्हय. आई उठलीया. आईनं देवाला हात जोडल्यात. चहा टाकलाय. पैलवान चहा पिऊन कपाटाकडं वळलेला हाय, मंडळी...”

मामीचा तो फोन मला आठवला. तिने वाटलेली साखर आठवली. विलास उठून उभा राहिला होता.

“बंद करा,” तो म्हणाला. “कुनी केलंय हे? कुनाकडनं रेकॉर्ड करून घेतलाय?”

“तुम्ही मुरगूडला आलाच नव्हता ना?” मी म्हणाले. “दिगंबर माझा मामेभाऊ.”

प्रशांतने मेन स्विच बंद केला. स्क्रीन काळी झाली, पंखा थांबला. आवाज मात्र थांबला नाही. “कपाटाची चावी आईनंच दिलीया...” एवढं वाक्य पुरं झालं, मगच दुकान शांत झालं.

विलासने डिस्क ओढून काढली आणि गेला.

संध्याकाळी मी मुरगूडला गेले. वहिनीला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, “आवाज त्यांचाच व्हता?” मी हो म्हणाले. मामी आत झोपली होती. तिला आम्ही आजपर्यंत यातलं काही कळू दिलेलं नाही.

पुण्याच्या कंपनीला विलासने काय सांगितलं माहीत नाही, पण चॅनलवरचे व्हिडिओ त्याच्याकडे होतेच. महिन्याभरात कोल्हापुरात एका हॉलवर त्याचा सत्कार ठरला — कुस्तीचा ठेवा जपणारा माणूस म्हणून. तिथे निवडक कुस्त्या पडद्यावर दाखवणार होते. मी वहिनीला फोन केला. “येतो मी,” ती म्हणाली.

सकाळचा कार्यक्रम. हॉल भरलेला, पुढच्या रांगांत वस्ताद मंडळी, फेटे बांधलेले जुने पैलवान. आम्ही मागे बसलो. विलास स्टेजवर हार घालून बसला होता. भाषणं झाली, दिवे मंद केले, पडद्यावर मैदान आलं, ढोलताशा सुरू झाला. दोन मिनिटं चाललं असेल. दोघं पैलवान एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे असतानाच चित्र थांबलं. म्युझिक बंद. ऑपरेटर लॅपटॉपवर वाकला, काहीतरी दाबत बसला.

हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून दादाने घसा खाकरला.

“राम राम मंडळी.”

पुढच्या रांगेतले एक वयस्कर वस्ताद वळून शेजाऱ्याला म्हणाले, “दिगूचा आवाज हाय ह्यो.” ते मला मागेपर्यंत ऐकू आलं, इतकी शांतता होती.

दादाने पहिल्यापासून सांगितलं. देवळामागची गाडी, आई, चहा, चावी. नंतर मी दुकानात न ऐकलेलं सांगायला लागला. “डिस्क पिशवीत घातलीया. तिथनं पैलवान दवाखान्यात आलेला हाय. काचंच्या बाहेर सुरेखा उभी हाय. पैलवान म्हनतोय, काळजी करू नका वहिनी, मी हाय. पिशवी खांद्यालाच हाय, मंडळी. मी आतनं बघतोय.”

वहिनीने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. त्या दिवशी विलास खरंच आला होता, तिच्याशेजारी उभा राहिला होता. पिशवीसकट.

विलास स्टेजवरून “बंद करा, बंद करा” म्हणत होता. ऑपरेटरने केव्हाच लॅपटॉपची केबल काढली होती, तो ती हातात धरून सगळ्यांना दाखवत होता. पडद्यावर ते दोन पैलवान तसेच थिजलेले. दादा सावकाश म्हणाला, “पैलवान दमलाय. पन कुस्ती सोडवायची न्हाय. निकाल लागल्याबिगर कुस्ती सोडवायची न्हाय.”

मग थांबला. ते मघाचे वस्ताद उठले आणि विलासकडे न बघता बाहेर गेले. त्यांच्यामागे सगळी पुढची रांग गेली. वहिनी शेवटपर्यंत बसून होती. मंद उजेडात तिच्या तोंडावर मी इतक्या दिवसांत न पाहिलेलं हसू होतं, आणि मला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढचं लवकर सांगते. पुण्याच्या कंपनीने अंग काढून घेतलं. विलासने चॅनल बंद केलं. तरी त्याच्या मशीनला जी डिस्क लावेल तिचं स्कॅन अडकायचं आणि दादा बोलायचा. नवा कॉम्प्युटर घेतला, तोच प्रकार. स्वतः काढलेल्या एका लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकांच्या मधे दादाचा आवाज आला आणि नवरीकडच्या लोकांनी स्टुडिओत येऊन तमाशा केला. कामं बंद पडली. शेवटी तो ती डिस्क घेऊन मुरगूडला आला, वहिनीच्या पायाशी ठेवली. वहिनीने ती माझ्याकडे पाठवली. मी स्कॅन लावलं, शेवटपर्यंत गेलं. मुरगूडच्या त्या फाइलवर क्षणभरही थांबलं नाही.

विलासकडचं बोलणं मात्र थांबलं नाही.

प्रशांतचं म्हणणं, दादाच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून कोणीतरी त्याचा आवाज तयार केला असणार, हल्ली ते होतं. असेल. पण मामीने चावी दिली हे कोणाला माहीत होतं? चावीबद्दल मामी कोणाशी बोलली नाही, विलास कशाला सांगेल. आणि बंद मशीनमधून, काढलेल्या केबलमधून आवाज कसा आला? मी माझ्या ओळखीच्या दोन जाणकारांना विचारलं, त्यांनी आधी मला झोप नीट लागते का ते विचारलं. सगळ्यात न कळणारी गोष्ट वेगळीच आहे. दादा असा नव्हता. कुणाच्या मागे लागून त्याला संपवणारा माणूसच नव्हता तो.

मागच्या महिन्यात मी मुरगूडला गेले होते तेव्हा विलास आधीच तिथे बसलेला होता. जोत्यावर, चपला बाहेर काढून. निम्मा झालाय. वहिनी शेंगा फोडत होती. तिने मला हाताने बस म्हटलं आणि त्याला विचारलं, “काल काय म्हनले?”

विलास खाली बघत बोलायला लागला. दादाने काल कुठल्या मैदानाची आठवण काढली, वहिनीचं नाव कितीदा घेतलं, आईचे पाय सुजतात ते सुरेखाला सांगा म्हणाला, आणि मग त्याला स्वतःला काय काय सुनावलं. वहिनी शेंगा फोडायची थांबून ऐकत होती. मधेच म्हणाली, “ते परत सांगा. पायाचं.” त्याने परत सांगितलं.

मग तो हात जोडून म्हणाला, “वहिनी, सगळं परत दिलं. माफी मागिटली. तुमी एकदा म्हना, सोडला म्हनून. तुमचं ऐकतील ते.”

“पुढच्या आठवड्यात या,” वहिनी म्हणाली.

तो गेल्यावर मी म्हणाले, “वहिनी, आता पुरे कर की. मरेल तो.”

“मरू दे,” ती म्हणाली. पदराने डोळे पुसले आणि शेंगांचं सूप पुढे ओढलं. “माझ्या डिस्कवरनं ते नुसतं कुस्तीचं बोलत्यात गं, जुनं. रोजचं नवं बोलत्यात ते त्याच्यापाशीच. राग हाय तवर हायत ते. मी सोडला म्हनलो आनि खरंच गेले, तर?”

मी शेंगा फोडायला बसले.